गीरचा सिंह : आखलेली सीमा आणि निवडलेला अधिवास (१९०० ते २०२५)

प्रस्तावना

एखाद्या वन्य प्राण्याने कोठे राहावे, हे कोण ठरवितो? शासकीय व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शासन अधिसूचना काढते, सीमा आखते आणि प्राणी त्या सीमेत राहील असे गृहीत धरते. सौराष्ट्रातील आशियाई सिंहाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. सिंहासाठी माणसे दोनदा हलविण्यात आली. सिंह मात्र स्वतःच्या वाटेने गेला. या विसंगतीची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थानी संरक्षणाचा काळ

एके काळी सिंधपासून आजच्या झारखंडमधील पलामूपर्यंत आणि दक्षिणेस नर्मदेपर्यंत सिंहाचा वावर होता. बेसुमार शिकार आणि शेतीचा विस्तार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो काठियावाडापुरता, मुख्यतः जुनागढ संस्थानातील गीरच्या जंगलापुरता, उरला. १९०० मध्ये जुनागढच्या दौऱ्यावर आलेल्या लॉर्ड कर्झनने सिंहाच्या शिकारीचा बेत रद्द केला व संरक्षणाचा सल्ला दिला. त्या काळात सिंह नेमके किती होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तत्कालीन कागदपत्रांतील अगदी लहान आकडे शिकारीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना परावृत्त करण्यासाठी सांगितले गेले असावेत, असेही एक मत आहे. १९३६ च्या गणनेत मात्र २८७ सिंह नोंदले गेले. संस्थानी निर्बंधांचा परिणाम त्यातून दिसतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गीर हा सिंहाचा निवडलेला अधिवास नव्हता, तर उरलेला आश्रय होता. गवताळ माळ, काटेरी झुडपे आणि विरळ वन हा या प्राण्याचा मूळ प्रदेश. तो शेती व बंदूक यांनी हिरावून घेतल्यावर डोंगराळ सागवनात तो तगून राहिला. पुढील काळातील धोरणाने या आश्रयालाच त्याचे एकमेव घर मानले.

अभयारण्य आणि मालधारींचे स्थलांतर

१९६५ मध्ये गीर अभयारण्य अस्तित्वात आले. १९६८ च्या गणनेत सिंहांची संख्या १७७ पर्यंत खाली आलेली आढळली. त्याच सुमारास पॉल जॉस्लिन यांनी केलेल्या अभ्यासात सिंहाच्या आहारात पाळीव गुरांचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असल्याचे दिसून आले. जंगलातील गुरांची चराई थांबवून हरणांना वाव देणे, हा त्यावरील उपाय ठरला. १९७२ पासून गीरमधील नेसांत राहणाऱ्या मालधारी पशुपालकांचे पुनर्वसन सुरू झाले व निम्म्याहून अधिक कुटुंबे बाहेर नेण्यात आली. १९७५ मध्ये गाभ्याचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

जंगलाच्या दृष्टीने हा प्रयोग फलदायी ठरला. चितळांची संख्या वाढली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील रवी चेल्लम यांच्या अभ्यासात सिंहाच्या आहारात वन्य भक्ष्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. मात्र पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळणाऱ्यांना शेतजमीन देऊन शेतकरी बनविण्याचा प्रयत्न अनेक कुटुंबांना मानवला नाही. पुनर्वसनाचा हा हिशेब सिंहांच्या वाढत्या आकड्यांत कोठेही मांडला जात नाही.

सीमेपलीकडील वाटचाल

१९९० मध्ये सिंहांची संख्या २८४ झाली. परंतु तोवर सिंह सीमा ओलांडून गेला होता. त्याचे कारण त्याच्या समाजरचनेत आहे. सिंहिणी बहुधा जन्मस्थळाच्या परिसरातच राहतात. नर छावे मात्र वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास नव्या नरांच्या दबावामुळे कळपाबाहेर पडतात व रिकाम्या क्षेत्राच्या शोधात फिरतात. जंगल भरले की ही भटकंती सीमेबाहेर वळते. १९८७-८८ च्या दुष्काळात हा ताण तीव्र झाला व माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली.

तरीही नवख्या प्रदेशात नुसता नर पोहोचल्याने वसाहत होत नाही. सिंहिणीने तेथे छावे वाढविल्यावरच तो प्रदेश अधिवास ठरतो. सौराष्ट्रात त्यासाठी तीन गोष्टी अनुकूल ठरल्या. पहिली, शेत्रुंजीसारख्या नद्यांचे काठ आणि वेड्या बाभळीची दाट झुडपे यांनी दिवसा लपण्यास जागा दिली. दुसरी, नीलगाय, रानडुक्कर व गुरे यांच्या रूपाने भक्ष्य उपलब्ध होते. तिसरी, पिकांची नासाडी करणाऱ्या नीलगायींना व डुकरांना सिंह आवर घालतो, म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांनी त्याचे अस्तित्व सोसले. गुरांच्या नुकसानभरपाईची जोड त्याला होती. गिरनार, मितियाळा, अमरेली, भावनगर आणि कोडिनार-उनाची किनारपट्टी अशा क्रमाने सिंह पसरला. अधिसूचना त्याच्या मागून गेली : मितियाळा अभयारण्य २००४ मध्ये, तर गिरनार २००८ मध्ये घोषित झाले. जानेवारी २०२३ मध्ये एक तरुण नर स्वतः चालत पोरबंदरजवळील बरडा डोंगरात पोहोचला. तेथे १८७९ नंतर प्रथमच सिंह आला होता. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह नोंदले गेले व त्यांपैकी ५०७ गीरच्या मूळ क्षेत्राबाहेर होते.

माणसाने निवडलेली घरे

याउलट माणसाने सिंहासाठी निवडलेल्या घरांचा इतिहास निराशाजनक आहे. १९५७ मध्ये एक नर व दोन माद्या उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात सोडण्यात आल्या. शंभर चौरस किलोमीटरांहून लहान अशा या क्षेत्रात त्यांची संख्या १९६५ पर्यंत ११ झाली आणि त्यानंतर ते सर्व नाहीसे झाले. सीमेबाहेर जाणाऱ्या सिंहांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा नव्हती आणि भोवतालच्या लोकांना सिंहासोबत राहण्याची सवय उरली नव्हती.

दुसरे घर म्हणजे मध्य प्रदेशातील कुनो. सिंहांसाठी जागा करण्याकरिता तेथील २४ गावे हलविण्यात आली. विस्थापितांत सहारिया आदिवासी बहुसंख्य होते. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत स्थानांतराची कार्यवाही करण्याचा आदेश दिला. सिंह मात्र आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोत नामिबियातील आठ चित्ते सोडण्यात आले. ज्या प्राण्यासाठी गावे उठली, तो प्राणी त्या भूमीने पाहिलाच नाही.

विस्तार आणि सुरक्षितता

सिंह स्वतःहून पसरत असेल तर दुसऱ्या घराची गरज काय, असा युक्तिवाद केला जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काहींना डिस्टेंपर विषाणूची बाधा आढळली. याच विषाणूने १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीमधील सुमारे एक-तृतीयांश सिंह नष्ट केले होते. सौराष्ट्रातील सिंहांच्या वसाहती एकमेकींशी जोडलेल्या असल्याने सिंह ज्या वाटांनी पसरला, त्याच वाटांनी रोगही पसरू शकतो. उघड्या विहिरी, महामार्ग व लोहमार्ग यांवरील मृत्यू हीदेखील या विस्ताराची किंमत आहे. क्षेत्राचा विस्तार म्हणजे धोक्याची विभागणी नव्हे.

निष्कर्ष

या इतिहासातून असे दिसते की, सिंहाचा अधिवास आडोसा, भक्ष्य, सिंहिणीची वसती आणि माणसाची सहनशीलता यांच्या मेळाने ठरतो. अधिसूचना बहुधा नंतर येते. स्वेच्छेच्या विस्तारात हा मेळ साधला, पण रोगापासूनचे अंतर साधले नाही. स्थानांतराच्या योजनेत अंतर होते, पण चंद्रप्रभेत मेळ नव्हता आणि कुनोत सिंहच नव्हता. म्हणून दूरचे दुसरे घर आवश्यकच आहे; परंतु ते निवडताना नकाशावरील क्षेत्रफळाइतकेच भोवतालच्या गावांचे मन विचारात घ्यावे लागेल. प्राणी येण्याची खात्री होण्यापूर्वीच माणसे उठविण्याची पद्धत मात्र यापुढे समर्थनीय ठरत नाही. मालधारी आणि सहारिया यांनी सिंहासाठी दिलेली किंमत हा संरक्षणाच्या इतिहासाचा परिशिष्टात टाकण्याजोगा भाग नसून त्याच्या गाभ्याचा भाग आहे.