शर्यतीचा सारथी



बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर नांवाचें गांव आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्यांशीं मध्यंतरीं माझें बोलणें झालें. तारुण्यांत त्यांनीं दुसऱ्यांच्या बैलजोड्या शंकरपटांत हांकल्या होत्या आणि पुष्कळ वेळां जिंकूनही आणल्या होत्या. त्या दिवसांविषयीं विचारतांच त्यांनीं बैलांचीं नांवें सांगितलीं, रंग सांगितले, शिंगांची ठेवण सांगितली, मालक कोणत्या गांवचे होते तेंही सांगितलें. "आणि आबा, तुम्ही?" असें मीं विचारलें. "मी काय मास्तर, मी नुसता हाकीत होतो," एवढेंच ते म्हणाले.

हें उत्तर मला केवळ विनयाचें वाटलें नाहीं. शर्यत जिंकतो तो बैल आणि फेटा बांधला जातो तो मालकाला. हांकणारा मधल्यामध्यें नाहींसा होतो, अशी आपल्याकडील जुनी रीतच त्या उत्तरांतून बोलली. आज त्या मधल्या माणसाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही रीत सर्वत्र अशीच आहे असें मात्र नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम शहरीं गायस अपुलेयस डायोक्लीझ नांवाचा एक रथ हांकणारा होऊन गेला. तो मूळचा लुसिटानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या बाजूचा. इ. स. 122 मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं तो शर्यतींत उतरला आणि चोवीस वर्षें रथ हांकून बेचाळिसाव्या वर्षीं निवृत्त झाला. त्याच्या नांवाच्या शिलालेखांत त्याच्या कारकीर्दीचा हिशेब एखाद्या सावकाराच्या खतावणीसारखा मांडला आहे. एकंदर शर्यती 4,257, जिंकल्या 1,462, दुसरा क्रमांक 861 वेळां, मिळकत 3,58,63,120 सेस्टर्स. आरंभापासून आघाडी राखून किती जिंकल्या आणि अखेरच्या क्षणीं किती हिसकावून घेतल्या, याचीही वेगळाली मोजदाद आहे; आघाडीच्या विजयांचा आंकडा 815 भरतो. रोममध्यें हा धंदा करणारे बहुधा गुलाम किंवा मुक्त झालेले गुलाम असत आणि त्यांना प्रतिष्ठितांत स्थान नसे. तरीही दगडावर नांव कोरलें गेलें तें हांकणाऱ्याचें.

मोटारीच्या युगांतही पश्चिमेनें हा परिपाठ सोडला नाहीं. अर्जेंटिनांतील बाल्कार्से या लहानशा गांवीं, इटालींतून आलेल्या कुटुंबांत, 1911 सालीं हुआन मान्वेल फांजिओ जन्मला. पोरवयांतच तो मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला. पुढें 1951 ते 1957 या काळांत तो पांच वेळां जगज्जेता झाला. जागतिक स्पर्धेच्या 51 शर्यतींत उतरून त्यानें 24 जिंकल्या. हीं पांच अजिंक्यपदें त्यानें चार निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांवर मिळविलीं. त्यामुळें श्रेय यंत्राचें कीं माणसाचें, हा वाद त्याच्यापुरता तरी मिटला. 1986 सालीं त्याच्या गांवानें त्याच्या नांवाचें संग्रहालय उघडलें.

आतां आपल्या घरीं वळूं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत 102 वें सूक्त मुद्गलाचें आहे. त्याच्या अर्थाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. ती शर्यत होती कीं गाईंसाठीं झालेली चढाई, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु यास्कानें निरुक्तांत दिलेली परंपरा अशी कीं मुद्गलानें गाडीला एका बाजूस बैल जुंपला, दुसऱ्या बाजूस लांकडाचा जड सोटा बांधला आणि असली विजोड जोडी घेऊन तो शर्यत जिंकला. विशेष हें कीं सूक्तांत रथावर हांकणारी म्हणून जिचें नांव येतें ती मुद्गलाची पत्नी मुद्गलानी होय. शर्यतीचा अर्थ मान्य केला तर आपल्या वाङ्मयांतील ही पहिली नामांकित हांकणारी स्त्री आहे, आणि तिनें हांकला तो घोडा नव्हे, बैल!

इतक्या उत्तम आरंभानंतर सारथ्याचें नांव मागें कां पडलें? मला वाटतें, याचें कारण सूत या शब्दांत सांपडतें. कर्णाला आयुष्यभर टोचला तो हाच शब्द. त्याचें सारथ्य करण्याची गोष्ट निघतांच मद्रदेशाचा राजा शल्य संतापला, कारण तें काम त्याला आपल्या पायरीखालचें वाटलें. नलाची कथा याहून बोलकी आहे. बाहुक या नांवानें तो ऋतुपर्ण राजाच्या पदरीं राहिला आणि त्यानें राजाला एका दिवसांत अयोध्येहून विदर्भाच्या कुंडिनपुरास आणलें. वाटेंत राजाचें उपरणें उडालें. रथ थांबवावयास सांगितलें तों बाहुक म्हणाला कीं तें एक योजन मागें राहिलें. अश्वविद्येंत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, तरी लोकांच्या स्मरणांत तो राहिला राजा म्हणून आणि दमयंतीचा पति म्हणून.

हें कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील वर्धाकांठचें कौंडण्यपूर, असें परंपरा मानते. त्याच जिल्ह्यांत तळेगांव दशासर येथें शंकरपट भरत आला आहे आणि तेथें स्त्रियांनींही जोड्या हांकल्या आहेत. मुद्गलानीचा वारसा म्हणावयाचा तर हाच.

महाराष्ट्रांत या शर्यतींच्या तऱ्हा भिन्न आहेत. पुणें जिल्ह्याच्या घाटांत चार बैलांचा गाडा धांवतो, त्यापुढें घोडीवर स्वार असतो, पण गाड्यावर कोणीच नसतें. सातारा-सांगलीकडे हलक्या छकडीवर माणूस असतो. विदर्भ-मराठवाड्यांतील शंकरपटांतही हांकणारा लागतोच. एवढें असून बकासुर बैलाचें नांव ज्यांच्या तोंडीं आहे, त्यांतील किती जणांना त्याच्या गाडीवानाचें नांव सांगतां येईल?

मध्यंतरीं ही विद्याच बुडावयाची वेळ आली होती. 2011 सालीं केंद्र सरकारनें खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादींत बैल घातला. 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी कायम केली. पराणी टोंचणें, शेपटी पिरगाळणें हे प्रकार हांकणाऱ्यांच्याच हातून घडत होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. प्राणिमित्रांचा आक्षेप पोकळ नव्हता. महाराष्ट्रानें 2017 सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजीं न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. नव्या नियमांनीं काठी व चाबूक वर्ज्य केले आणि अंतराला एक हजार मीटरची मर्यादा घातली. मात्र त्या कायद्यांतील शर्यतीची व्याख्या मुळांतून वाचावी. शर्यत ही गाडीवानासह अथवा गाडीवानाशिवाय, असें तींत म्हटलें आहे. पुण्याकडील घाटांसाठीं ती तरतूद अवश्य होती, हें मी जाणतों; तथापि तीं अक्षरें वाचतांना मला उमापूरचे आबा आठवले.

काठीवांचून जोडी कशी पळवावी, हेंही मीं त्यांना विचारलें होतें. ते हंसले. "मारून पळतंय ते घाबरून पळतंय," ते म्हणाले, "त्याला आपसूक पळू वाटलं पाहिजे." मग त्यांनीं दोन्ही मुठी पुढें धरून कासरा कसा धरावयाचा तें दाखविलें. उजवी मूठ घट्ट होती, डावी किंचित सैल. मीं कारण विचारलें. डावीकडचा बैल उतावळा होता, जरा ओढ बसली कीं जोडीदाराला मागें टाकून गाडी तिरपी करी. म्हणून त्याला सैल सोडून नुसत्या आवाजानें धरावें लागे. हें सर्व सांगून झालें तरी आबांच्या मुठी तशाच राहिल्या होत्या, उजवी घट्ट आणि डावी सैल.