पगाराचं गाव

मुंबईत परळच्या भोईवाड्यातल्या जुन्या चाळीत कुणालाही गाव विचारा. रत्नागिरी, सातारा, नाहीतर सांगली. ज्या भोयांवरून वाड्याला नाव पडलं, तो 'भोई' शब्दही दक्षिणेकडच्या 'बोयी'शी जोडला जातो.

पण मला कुतूहल आहे ते इथल्या कापडगिरणीतल्या बोलीचं. 'पगार' पोर्तुगीज. तिथे 'पागार' म्हणजे पैसे देणं, क्रियापद. आपण त्याचं नाम केलं आणि तो महिन्याच्या महिन्याला 'होऊ' लागला. (न झाला की घरात काय होतं, ते सांगायला नको.) 'कंत्राट'ही त्यांचंच. 'मजूर' फारसी, 'हजेरी' अरबी. 'कामगार' तर अर्धा घरचा: काम आपलं, 'गार' फारसी, गुन्हेगारातला.

'बदली' अरबी 'बदल'वरून आली. गिरणीत तिचा अर्थ दुसऱ्या गावी रवानगी असा नव्हता. कायम कामगाराचा खाडा झाला, तर त्याच्या जागी तेवढ्या पाळीपुरता उभा केलेला माणूस म्हणजे बदली. सकाळी फाटकाशी थांबायचं, काम मिळालं तर आत, नाहीतर घरी. काहीजण वर्षानुवर्षं बदलीच राहिले.

शब्दांसारखा रोजगारही समुद्रापलीकडून हलत असे. अमेरिकेत यादवी पेटली आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला; 1865 साली ती संपताच इथल्या पेढ्या बुडाल्या. पुढे जपानी कापडाच्या स्पर्धेचं कारण दाखवून गिरण्यांनी माणसं आणि मजुरी कमी करायला घेतली. 'जागतिकीकरण' हा शब्द आपल्याकडे रुळला तो 1991 नंतर. परळला त्याची झळ फार आधीच लागली होती.

'संप' म्हणजे गुजरातीत एकोपा. मराठीत मात्र काम बंद. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं आली. त्यांच्या दारावरचा रखवालदार आज बहुधा 'कंत्राटी' असतो. बदलीचाच धाकटा भाऊ.

अशा वेळी राग निघतो तो 'परप्रांतीया'वर, आणि पुढे केला जातो 'भूमिपुत्र'. हा तरी अस्सल संस्कृत! पण संस्कृतात भूमिपुत्र म्हणजे मंगळ ग्रह. नोकरीवरचा हक्क सांगणारा अर्थ अलीकडचा. हाच शब्द मलय भाषेतही पोचला. तिथे 'बुमिपुत्रा' म्हणजे प्रामुख्याने मलय माणूस, आणि 1971 पासून मलेशिया सरकारनं त्याला नोकऱ्या-धंद्यांत अग्रक्रम दिला. चिनी आणि भारतीय वंशाची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राबूनही, त्यात बसत नाहीत.