मास कॉमचं एम.ए. आणि १५० खेड्यांतला रेडिओ

परवा संध्याकाळी गल्लीतले अण्णा पोराला घेऊन घरी आले. पोरगं बी.ए. झालंय, आता एम.ए. मास कम्युनिकेशन करायचं म्हणतंय. अण्णांचा प्रश्न सरळ होता. "दादा, मोबाईलसमोर उभं राहून बोलायला दोन वर्षं कॉलेजात कशाला जायचं? तुम्ही तर केलंय हे. सांगा, काय मिळालं?"

चहा संपला तरी मला धड उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं तालुक्याची बातमीदारी करून मग पस्तिशीत मी हे एम.ए. केलं. उत्तर यायला हवं होतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

अण्णांचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने पत्रकारिता शिकवण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले, तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. पत्रकार जन्मावा लागतो, वर्गात घडत नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी मिसुरी विद्यापीठात १९०८ साली आणि कोलंबियात १९१२ साली पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालंच. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. पत्रकारिता शिकायला नव्हे. १९१५ साली त्यांनी एम.ए. केलं ते अर्थशास्त्रात. आणि १९२० साली 'मूकनायक' काढला. त्याआधी 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, तेही एम.ए. म्हणजे आपल्या वृत्तपत्रांत शिकलेली माणसं पहिल्यापासून होती. पण वृत्तपत्राचं असं वेगळं शिक्षण नव्हतं.

आपल्या देशात ते जरा उशिरा आलं. पंजाब विद्यापीठाने १९४१ साली लाहोरला पत्रकारितेचा विभाग सुरू केला. फाळणीत लाहोर सुटलं, विभागाने काही वर्षं दिल्लीत काढली आणि १९६२ साली तो चंदीगडला गेला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली विभाग निघाला, त्याला रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकांची मदत होती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग १९६४ चा. दिल्लीतली आयआयएमसी १९६५ ची. गंमत बघा, या आयआयएमसीला २०२४ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोपर्यंत ती पदव्युत्तर पदविकाच देत होती, स्वतःची एम.ए.ची पदवी नव्हे. आणि त्या पदविकेवर माणसं देशभरातल्या न्यूजरूममध्ये मोठी झाली. तेव्हा नुसत्या कागदासाठी एम.ए. करणार असाल, तर अण्णांचं म्हणणं अर्धं खरं आहे.

पण उरलेलं अर्धं सांगायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आणि ती आपल्याच भागातली आहे.

१९५६ साल. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली १५० खेडी निवडली. प्रत्येक गावात एक मंडळ. आठवड्यातून दोनदा मंडळी रेडिओभोवती बसायची, शेती-आरोग्य-शिक्षणावरचा कार्यक्रम ऐकायची, मग आपसात चर्चा करायची. आलेले प्रश्न पुणे केंद्राला कळवायचे, आणि त्यांची उत्तरं रेडिओवरून यायची. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. कल्पना कॅनडातली होती, तिथे शेतकऱ्यांची अशी मंडळं १९४१ पासून चालू होती.

इथवर तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष पुढे आहे. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती. काम पाहत होते पॉल न्यूराथ. हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस, नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून जिवंत सुटलेला, पुढे अमेरिकेत समाजशास्त्र शिकलेला. त्यांच्या पथकाने कार्यक्रम सुरू होण्याआधी गावकऱ्यांना प्रश्न विचारले, आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा जाऊन तेच विचारले. शिवाय जिथे मंडळ नव्हतं अशी गावंही तुलनेला घेतली. त्यांतल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता.

निष्कर्ष काय निघाला? मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ होता तिथे फारच थोडी. म्हणजे रेडिओ बोलला एवढ्याने काम होत नव्हतं. माणसं एकत्र बसून त्यावर बोलली, तेव्हा ते डोक्यात शिरलं. १९५९ पासून सरकारने ही मंडळं देशभर सुरू केली. पुढे १९७५-७६ साली इस्रोने उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला, तेव्हाही अभ्यासक गावांत मुक्काम करून लोकांना काय कळलं ते बघत होते.

पुण्यात पत्रकारितेचा विभाग निघायच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. माझ्या मते आपल्याकडचं मास कॉम तिथे सुरू झालं. सांगून झाल्यावर परत जाऊन "कळलं का?" असं विचारण्यात.

आता माझी गोष्ट. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंध करायचा होता. आमच्या मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याचं कशाला तपासता? तुमचीच एखादी बातमी घ्या." मी पीकविम्याची घेतली. अतिवृष्टी झाली तेव्हा मी ठळक चौकटीत छापली होती: 'नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी.' कृषी खात्याच्या पत्रकातला शब्द, जसाच्या तसा. मला वाटत होतं, चोख काम केलंय.

प्रश्नावली घेऊन दोन वाड्यांत घरोघर फिरलो. एका घरी एक मावशी सोयाबीन निवडत बसल्या होत्या. बातमी वाचली होती का विचारलं. म्हणाल्या, "वाचली की. नातवानं मोठ्यानं वाचून दाखवली. पण पूर्वसूचना म्हंजे आधी द्यायची ना बाबा? पाऊस पडायच्या आधी आम्हाला कसं कळणार? पाऊस तर पडून गेला हुता. आता काय उपेग, म्हणून गप बसलो."

७२ तास गेले. विमा गेला. दीड एकराचा.

मी तिथे खाली मान घालून बसलो. बातमी वेळेत होती, खरी होती, पहिल्या पानावर होती. आणि माझ्या एका शब्दाने त्या घराचं नुकसान झालं होतं. 'पूर्व' या दोन अक्षरांचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. ना खात्याने, ना मी. पुढच्या घरी विचारलं, तिथेही तीच समजूत. अकरा वर्षांत मी हजारो बातम्या दिल्या असतील. परत जाऊन "कळली का?" असं एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायला मला एम.ए.ने लावलं. त्यानंतर मी तो शब्द कधी वापरला नाही. 'पीक बुडालं की तीन दिवसांच्या आत कळवा' असं लिहू लागलो, खाली कुठे आणि कसं तेही देऊ लागलो.

तर अण्णा, मला हे मिळालं. पगार फारसा वाढला नाही, खोटं कशाला बोलू.

सगळ्याच कॉलेजांत हे मिळतं असंही नाही. आज खूप ठिकाणी स्टुडिओ दाखवतात, कॅमेरे दाखवतात, चकचकीत माहितीपत्रक हातात देतात आणि लाखाच्या घरात फी सांगतात. कॅमेरा पोरगं सहा महिन्यांत शिकेल, घरीसुद्धा. प्रवेश घेण्याआधी तिथल्या मागच्या वर्षीच्या पोरांना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. दोन वर्षांत किती वेळा गावात, वस्तीत, बाजारात जाऊन लोकांशी बोललात? आणि लघुप्रबंध स्वतः केला की विकत आणला? उत्तर द्यायला पोरं चाचरली, तर फी वाचवा. आणि सरकारी विद्यापीठांतले विभागही बघून या, तिथे फी बरीच कमी असते.

पोराला मी एक काम दिलंय. आपल्या गावात रेडिओचं शेतकरी मंडळ होतं का, हे ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारून ये. एम.ए.चं त्यानंतर बोलू. काल रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, आजोबा म्हणतात चावडीत रेडिओ होता. उद्या अजून दोघांकडे जातोय."

तुमच्या गावात होता का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ही माणसं आहेत तोवर विचारून घेऊ.