नव्या कम्प्युटरवर जुन्या मराठी फाइल्स वाचता का येत नाहीत?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. जुन्या कम्प्युटरवर ‘विंडोज बॅकअप’ घेऊन नव्यावर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं, की फोल्डर आणि सेटिंग्ज परत येतात. मात्र वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबीच मिळते.

अडचण कुठे येते?

नाशिकमधल्या एखाद्या डीटीपी सेंटरने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली लग्नपत्रिका नव्या कम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू शकते. फाइल खराब झालेली नसते. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि या बॅकअपमध्ये तो फॉन्ट येत नाही.

काय कराल?

जुना कम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी फॉन्टच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा.