अपरांताचा पाऊस कोण मोजणार?

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता मुंबईच्या दोन वेधशाळांनी आदल्या चोवीस तासांतील पावसाची नोंद केली. कुलाबा : ७३.४ मिलिमीटर. सांताक्रूझ : ९४४.२ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांमधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. विहार तलावापाशी तर हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. कुलाब्याच्या रहिवाशाला तो पावसाळ्यातला एक नेहमीचा ओला दिवस वाटला असेल. त्याच दिवशी कुर्ला, कलिना आणि मिठी नदीचा काठ पाण्याखाली गेला, उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याणचे सखल भाग बुडाले. त्या दिवसांतल्या पावसाने आणि पुराने राज्यात हजारावर माणसे दगावली.

‘काल मुंबईत किती पाऊस पडला?’ या साध्या प्रश्नाचे त्या सकाळी एक उत्तर देता येत नव्हते. आपत्तीला तोंड देण्याची समाजाची ताकद कशी वाढते, याचा विचार करताना आम्हाला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून या लेखात पाऊस मोजण्याचा इतिहास पाहू. तो जितका उपकरणांचा आहे तितकाच माणसांच्या सहकार्याचा आहे.

कोठारापुढचे कुंड

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापुढे एक हात रुंदीचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाचे प्रमाण ‘द्रोण’ या मापात दिले आहे. अश्मक देशाला एक आकडा आहे, अवंतीला दुसरा. अपरांत म्हणजे आपल्या कोकणाविषयी मात्र आकडा नाही. तिथला पाऊस अमर्याद, असे म्हणून ग्रंथकार पुढे जातो. पेरणी आणि सारा यांच्या हिशेबासाठी कदाचित तेवढे पुरत असावे. पुराच्या हिशेबासाठी ते पुरत नाही.

पंधराव्या शतकात कोरियात राजा सेजोंगच्या काळी, १४४१-४२ च्या सुमारास, ठरावीक मापाची पर्जन्यमापके तयार झाली आणि प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली गेली. पाऊस पडला की मोजायचा आणि राजधानीला कळवायचा, असा दंडक होता. सगळीकडे एकच माप आणि सगळ्या नोंदी एका जागी, या दोन गोष्टींशिवाय पावसाचे शास्त्र उभे राहत नाही.

नागरिकांच्या सहभागाची मोठी परंपरा सुरू झाली ती इंग्लंडमध्ये. जॉर्ज सायमन्स या तरुणाने १८६० सालच्या पावसाच्या नोंदी १६८ ठिकाणांहून मिळवून प्रसिद्ध केल्या. त्याने वर्तमानपत्रातून आवाहन केले, नोंद कशी घ्यावी याचे नियम ठरवले, आलेले आकडे तपासले. १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्या जाळ्यात तीन हजारांहून अधिक निरीक्षक होते. त्यांतले बहुतेक हौशी नागरिक होते. त्याच्या नावाचे पाच इंच व्यासाचे पर्जन्यमापक पुढे भारतातही वर्षानुवर्षे वापरात होते.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तिथे नियमित निरीक्षणे होऊ लागली. १८६४ चे कलकत्त्याचे भीषण चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी सरकारला जाग आणली व १८७५ साली भारतीय हवामान खाते सुरू झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसले. तालुक्याला एक माप, ही घडी दुष्काळाच्या अंदाजासाठी ठीक होती. दुष्काळ मोठ्या प्रदेशावर आणि सावकाश येतो. ढगफुटीसारखा पाऊस तासाभरात येतो आणि कधी कधी एका खोऱ्यापुरताच असतो.

२६ जुलैने काय शिकवले?

त्या दुपारी सांताक्रूझच्या परिसरावर जे ढग उभे राहिले त्यांची उंची सुमारे पंधरा किलोमीटर होती. समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा वेगाने वर जात होती, थंड होत होती आणि तिच्यातले पाणी थोड्याशा क्षेत्रावर कोसळत होते. दुपारी अडीचनंतरच्या काही तासांतच त्या दिवसाचा बहुतेक पाऊस पडला. शहरातली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून केलेली होती. त्यातच दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती, म्हणजे नाल्यांची तोंडे समुद्राच्या पाण्याने अडलेली.

त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांत दर पंधरा मिनिटांनी पाऊस कळवणारी मापकेही नव्हती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ साली अहवाल दिला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी महापालिका आणि आयआयटी मुंबई येथील संशोधक यांच्या सहकार्याने शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे बसू लागले. आरंभी ती दोन डझनांच्या आसपास होती, पुढे साठांवर गेली. २०१० मध्ये कुलाब्याला डॉप्लर रडार आले, २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरे. २०२० साली ‘आय-फ्लोज’ ही पूरसूचनेची प्रणाली सुरू झाली. पावसाचा अंदाज, जमिनीचा उंचसखलपणा, नाले आणि भरती यांची सांगड घालून कोणत्या भागात किती पाणी साचेल हे ती सांगते.

इथे एक शंका येईल : रडार आल्यावर साधी मापके कशाला? रडार पाऊस थेट मोजत नाही. ते रेडिओलहरी सोडते, पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींची तीव्रता पाहते आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधते. थेंब मोठे असले की परतणारी लहर फार जोरकस होते, त्यामुळे तितक्याच पाण्याचा अंदाज वेगळा निघू शकतो. शिवाय डोंगराआडचे रडारला नीट दिसत नाही. म्हणून जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी रडारचा अंदाज सतत ताडून पाहावा लागतो. जमिनीवरची मापके जितकी दाट, तितका हा ताळा पक्का.

दोन मानपाडे

मुंबईची ही व्यवस्था महानगरपालिकेच्या हद्दीपुरती होती. ढगांना हद्द ठाऊक नसते. ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या प्रसिद्ध आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. सरळ रेषेत दोहोंमध्ये दहा-पंधरा किलोमीटर अंतर आणि मध्ये खाडी. पहिल्या मानपाड्याला चिंता येऊरच्या उतारावरून वेगाने उतरणाऱ्या ओढ्यांची. दुसऱ्याच्या भोवतीच्या सखल भागाला चिंता साचणाऱ्या पाण्याची आणि भरतीच्या वेळी न वाहणाऱ्या नाल्यांची. ‘ठाणे जिल्ह्यात अतिवृष्टीची शक्यता’ ही सूचना दोघांनाही सारखीच मिळते. पण दोघांनी करायची तयारी वेगळी आहे.

उल्हास नदीचे तर आणखी वेगळे. ती राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. कर्जतच्या बाजूला घाटात रात्री किती पाऊस झाला, हे कल्याणच्या नदीकाठच्या माणसाला वेळेत कळले तर त्याच्या हाती काही तास असतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, पोलीस यांच्याबरोबर आसपासच्या गावांतील लोकही मदतीला होते. आपत्तीत पहिली मदत शेजारीच करतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. पहिली माहितीही शेजाऱ्यालाच असते, पण ती मोजलेली आणि लिहिलेली असेल तरच इतरांच्या उपयोगी पडते.

गेल्या काही वर्षांत कल्याण, डोंबिवली, बदलापूर या भागांत हवामानाची आवड असणाऱ्या काही नागरिकांनी स्वतःच्या खर्चाने स्वयंचलित केंद्रे बसवली आणि आपले आकडे लोकांना रोज देऊ लागले. सायमन्सची परंपरा इथे पुन्हा रुजताना दिसते. राज्य शासनाने २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, तीही दोन हजारांहून अधिक. हे मोठेच पाऊल आहे. तरी एका मंडळात कितीतरी गावे येतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरून पिकांचे पंचनामे होतात. आपल्या शिवारात धो धो कोसळला आणि मापकावर पन्नासच भरला, असे झाले तर शेतकऱ्याचे काय होते, हे ग्रामीण भागातल्या शिक्षकांना सांगायला नको.

बादल्यांतून उभे राहिलेले जाळे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. २८ जुलै १९९७ रोजी गावाच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या बाजूला, सुमारे दीड दिवसात साडेतीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला पन्नासही नाही. पुरात पाच जण गेले. आपल्या २००५ ची ही छोटी आवृत्तीच. तिथल्या हवामान संशोधकांनी नंतर लोकांना विचारले : तुमच्या अंगणात बादली, घमेले, डबा काही होते का? त्यात किती पाणी साचले होते? शेकडो उत्तरे आली आणि त्यांतून त्या पावसाचा नकाशा तयार झाला. १९९८ मध्ये संशोधकांनी नागरिकांचे कायमचे जाळे उभे केले. त्यात शाळकरी मुलेही होती. आज त्यात वीस हजारांहून अधिक निरीक्षक आहेत. पाऊस न झाल्यास ‘शून्य’ कळवण्याचा त्यांचा आग्रह असतो. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा ही नोंद नव्हे.

केरळात २०१८ च्या महापुरानंतर अशा प्रयत्नांना जोर आला. कोट्टयम जिल्ह्यात मीनच्चिल नदीच्या खोऱ्यात विद्यार्थी, शिक्षक, गृहिणी पाऊस आणि नदीची पातळी मोजतात व वरच्या गावांतून खालच्या गावांना कळवतात. वायनाड जिल्ह्यात ह्यूम सेंटर या संस्थेने सुमारे दोनशे ठिकाणी पर्जन्यमापकांचे जाळे विणले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कै-चूरलमला येथे दरड कोसळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्याआधीच्या दोन दिवसांत त्या डोंगरात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्याचे मोजले गेले होते आणि संस्थेने आदल्या दिवशी प्रशासनाला धोक्याची सूचनाही दिली होती. आकडा होता, इशारा होता. इशारा मिळाल्यावर कोणी, कोणाला, कुठे आणि किती वेळात हलवायचे, ही साखळी पुरी नव्हती. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इरशाळवाडी (२०२३) यांनंतर हा धडा आपणही शिकायला हवा. मापक बसवणे हे अर्धे काम आहे.

शाळेचे मापक

शाळेला यात बरेच काही करता येईल. सरळ भिंतींचे, सपाट बुडाचे कोणतेही भांडे पर्जन्यमापक होऊ शकते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हवामान खात्याच्या नेहमीच्या मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते. त्यात २० मिलिलिटर पाणी साचले की एक मिलिमीटर पाऊस. नरसाळे बाटलीच्या दुप्पट व्यासाचे असेल तर बाटलीतली पाण्याची उंची खऱ्या पावसाच्या चौपट दिसेल. ते का, हे आठवीच्या मुलांना काढू द्यावे. मग २६ जुलैचा हिशेब करायला सांगावा : शाळेचे मैदान एक हजार चौरस मीटरचे असेल तर त्यावर त्या दिवशी सव्वानऊ लाख लिटरहून अधिक पाणी पडले असते.

काही पथ्ये पाळावीत. मापक उघड्यावर ठेवावे. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावी, सुट्टीच्या दिवशीही. त्यासाठी मुलांच्या पाळ्या लावाव्यात. साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात, म्हणूनच २६ जुलैचा पाऊस वेधशाळेच्या वहीत २७ तारखेला सापडतो. चुकलेली नोंद अंदाजाने भरू नये. ‘नोंद नाही’ असे लिहावे.

दोन्ही मानपाड्यांतल्या शाळांनी अशा वह्या ठेवल्या आणि दर आठवड्याला एकमेकींना आकडे कळवले, तर पहिल्याच पावसाळ्यात मुलांना पुष्कळ प्रश्न सापडतील. डोंगरालगत पाऊस खरेच जास्त पडतो का? किती मिलिमीटर झाल्यावर शाळेसमोरच्या रस्त्यावर पाणी येते? तेव्हा भरती होती की ओहोटी? तीन-चार वर्षांच्या नोंदींतून त्या वस्तीपुरता धोक्याचा आकडा ठरवता येईल. तो जवळच्या महाविद्यालयातील भूगोल किंवा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवावा. तो आकडा ओलांडल्यावर कोणत्या घरांना आधी निरोप द्यायचा, कोणत्या म्हाताऱ्या माणसांना हलवायला हात लागतील, शाळेची कोणती खोली उघडायची, ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, ती एकदा वाचून दुरुस्त करावी.