दर बदलला, की मुदत? मोबाइलचा प्लॅन आणि सावकाराचं खत

जळगावात किंवा धुळ्यात कुणालाही विचारा, ‘मोबाइलचा करार कधी संपतो?’ समोरचा गोंधळून बघेल. करार कसला? आपल्याकडे रिचार्ज असतो आणि त्याची व्हॅलिडिटी असते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच थांबायला हवं. ‘करार’ हा शब्द वापरात नाही, म्हणजे करारच नाही असं होत नाही.

आधी अमेरिकेकडे बघू. तिथे कंपनी स्वस्तात हँडसेट द्यायची आणि त्या बदल्यात ग्राहकाला एक-दोन वर्षं बांधून घ्यायची. मधेच प्लॅन बदलायला गेलात, तर बऱ्याच कंपन्या करार नव्याने सुरू करायच्या. दर कमी व्हायचा, पण अडकून राहण्याचा काळ वाढायचा. ग्राहकांची ओरड वाढल्यावर २००७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत सोडायला सुरुवात केली.

भारतात हँडसेट आणि सिमकार्ड बहुतेक वेळा वेगवेगळी विकली गेली. अपवाद होते. रिलायन्सच्या २००३ च्या ‘मान्सून हंगामा’मध्ये ५०१ रुपयांत फोन हातात पडायचा आणि बाकीचे पैसे हप्त्यांनी फिटायचे. पण मुख्य प्रवाह प्रीपेडचाच राहिला. मार्च २००६ मध्ये ट्रायने दर-आदेशात त्रेचाळीसावी दुरुस्ती केली. ग्राहकाने प्लॅन घेतला की कंपनीने तो किमान सहा महिने चालू ठेवायचा. ग्राहक मात्र त्या सहा महिन्यांतही प्लॅन बदलू शकतो. हा नियम नीट वाचा. मुदत आहे, पण ती एकाच पक्षाला बांधते. करारांच्या इतिहासात असं क्वचित दिसतं. बहुतेकदा मुदत दुबळ्यालाच बांधते.

तसं बांधणारी मुदत बघायची तर आपल्याच खानदेशात दीडशे वर्षं मागे चला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचं बंधन घातलं. त्याआधी मुंबई इलाख्यात ही मुदत बारा वर्षांची होती. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता, जुनी कर्जं उकरून काढली जाऊ नयेत हा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणणार, ‘खत बदलून दे, नाहीतर कोर्टात जातो.’ नव्या खतात थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर यायचं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला भाव आला, पत वाढली, कर्जंही वाढली. १८६५ नंतर भाव उतरले. खतं मात्र नवी होत राहिली.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता, खानदेश त्यात नव्हता. त्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची तरतूद अशी, की न्यायाधीशाने समोरच्या खतावर न थांबता मागे जायचं, व्यवहाराचा सगळा इतिहास तपासायचा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळं काढायचं. म्हणजे कायद्याने न्यायाधीशाला चक्क इतिहासकाराचं काम दिलं!

आता ही नजर घेऊन मोबाइलकडे परत या. साम्य ताणू नका. रिचार्जवाला पैसे आधी भरतो, कर्जदार देणं लागत असतो. हा फरक मोठा आहे. पण प्रश्न तोच विचारता येतो: इथे दर बदलला, की मुदत?

२०१२ च्या ट्रायच्या नियमांनी तर हे दोन धागे रंगांनी वेगळे केले. लाल पट्टीचं व्हाउचर प्लॅन बदलण्याचं, त्यात बोलायला पैसे नाहीत. हिरव्या पट्टीचा टॉप-अप म्हणजे नुसते पैसे, त्याला मुदतीचं बंधन नाही. पिवळ्या पट्टीचं व्हाउचर काही दिवसांपुरता खास दर देणारं, जास्तीत जास्त नव्वद दिवसांचं. जुनं कूपन सापडलं, तर पट्टीचा रंग बघून तो व्यवहार कशाचा होता ते कळतं.

आणि मग ‘लाइफटाइम’ची गोष्ट. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांच्या आसपास आजन्म इनकमिंग विकलं गेलं. ज्यांना फोन करायला परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. मिस्ड कॉल द्यायचा आणि समोरच्याच्या फोनची वाट बघायची. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान ३५ रुपयांचा, २८ दिवसांचा रिचार्ज आणला. इनकमिंग चालू ठेवायलाही पैसे लागू लागले. इथे कॉलच्या दरावर नजर ठेवणाऱ्याला मुख्य बदल दिसणारच नाही, कारण तो मुदतीत झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं, किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येणारा ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये खास व्हाउचरची कमाल मुदत ३६५ दिवसांवर नेली आणि इंटरनेटशिवाय फक्त कॉल-एसएमएसचं व्हाउचर देणं बंधनकारक केलं. सगळं भांडण मुदतीचं.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल, तर ट्रायचे आदेश सहज मिळतील. पण आदेशात काय लिहिलंय आणि चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या रिचार्जच्या दुकानात काय घडलं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीसाठी दैनिकांच्या स्थानिक आवृत्त्यांमधल्या जाहिराती, दुकानदारांच्या नंबर लिहून ठेवायच्या वह्या आणि मुलाखती लागतील. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं जपतं. स्क्रॅच केलेलं कूपन मात्र दुकानाच्या पायरीवरच टाकलं जायचं. तेव्हा मुलाखतींपासून सुरुवात करा, आणि ‘महिन्याला किती खर्च यायचा?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘किती दिवस चालायचं?’ हेही विचारा.