न्हाणीघर, वाशिम परिसरातील

घरात स्नानासाठी राखलेली, पाणी घेण्याची व सांडपाणी वाहून नेण्याची सोय असलेली जागा. ‘न्हाणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘स्नान’ व प्राकृत ‘ण्हाण’ या रूपांत आहे. न्हाणी, मोरी, स्नानगृह व अलीकडे बाथरूम ही या जागेची मराठीतील प्रचलित नावे होत. न्हाणीघराचा इतिहास हा मुख्यतः घरात पाणी कोणी आणले व ते घराबाहेर कसे गेले, याचा इतिहास आहे. जुन्या न्हाणीघराचे नूतनीकरण करतानाही हेच दोन प्रश्न निर्णायक ठरतात.

प्राचीन काळ : मोहें-जो-दडो येथील ११·८८ मी. लांब, ७·०१ मी. रुंद व २·४३ मी. खोल असे महास्नानगृह प्रसिद्ध आहे. तथापि घरबांधणीच्या दृष्टीने तेथील सामान्य घरांतील स्नानाचे ओटे अधिक महत्त्वाचे आहेत. पक्क्या विटांच्या या ओट्यांना उतार दिलेला असून त्यांवरील पाणी रस्त्याकडील गटारात जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराचा जलमार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पद किंवा दीड अरत्नी अंतरावर, खोल व उताराचा असावा, असा नियम असून तो मोडणाऱ्यास ५४ पणांचा दंड सांगितला आहे. सांडपाण्याने भिंत खचते व शेजारात कलह होतो, हा अनुभव यावरून पुरातन असल्याचे दिसते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकांत येथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात नागरकाने रोज स्नान करावे, एक दिवसाआड अंग चोळून घ्यावे व दर तिसऱ्या दिवशी फेस येणारे द्रव्य वापरावे, असे सांगितले आहे. ही दिनचर्या अर्थातच सुखवस्तू पुरुषाची होय. वत्सगुल्ममाहात्म्यात या क्षेत्रातील १०८ तीर्थांची परंपरा नोंदविली आहे. त्यांपैकी पद्मतीर्थ विशेष प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी येथील बालाजीचे मंदिर बांधविले. त्याच्या लगतचा तलावही प्रसिद्ध आहे. स्नान हे दीर्घकाळ घरातील नव्हे, तर नदी, कुंड, तलाव व विहीर यांच्या काठावरील कर्म होते.

मात्र हा काठ सर्वांना खुला नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींना सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव असे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह याच अन्यायाविरुद्ध होता. घरात नळ येण्याला महाराष्ट्रात जो सामाजिक अर्थ आहे, तो ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून समजणार नाही.

पारंपरिक न्हाणी : वऱ्हाडातील मातीच्या धाब्याच्या घरांत न्हाणी बहुधा परसात असे. एक सपाट दगड, भोवती तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड आणि सांडपाण्यासाठी एक चर एवढीच तिची रचना. छप्पर क्वचितच असे. सांडपाणी केळी, अळू, कर्दळ यांना मिळे. कूड नसलेल्या घरांतील स्त्रियांना उजाडण्यापूर्वी किंवा अंगावरील लुगड्यासहच स्नान उरकावे लागे. पाणी विहिरीवरून गुंडांनी व घागरींनी आणावयाचे आणि ते आणण्याचे काम प्रायः स्त्रियांकडेच असे. त्यामुळे घरातील प्रत्येकाच्या वाट्याला किती पाणी येईल, हे पाणी आणणाऱ्या स्त्रीच्या श्रमांवर अवलंबून राही.

व्यापारी पेठ असलेल्या कारंजासारख्या गावांतील सावकारांच्या वाड्यांत न्हाणी दगडी फरशीची असे. चौकात आड, शेजारी हौद, तांब्याचा बंब वा चुलाणावरील हंडा, घंगाळ, चौरंग व पाय घासण्यासाठी वज्री हे तिचे साहित्य होय. दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळंतिणीचे व तान्ह्या मुलाचे न्हाणे असे अनेक घरगुती विधी याच जागी होत. सोवळ्याच्या कल्पनेमुळे न्हाणी स्वयंपाकघर व देवघर यांच्या जवळ ठेवीत, तर शौचकूप घरापासून शक्य तेवढे दूर, मागील बोळाकडे असे. नगरांतील उठाऊ शौचकूप साफ करण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. न्हाणी घरात आणि शौचकूप घराबाहेर, या विभागणीत शुचितेच्या कल्पनेइतकीच ही समाजव्यवस्थाही गुंतलेली होती.

आधुनिक काळ : जलबंध असलेल्या वक्र नळीमुळे मलवाहिनीतील दुर्गंधी घरात येणे थांबले. अशा नळीचे एकस्व अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये मिळविले होते. ही युक्ती, नळाचे पाणी व सिमेंट यांच्या योगाने विसाव्या शतकात न्हाणी आणि शौचकूप एका छपराखाली येऊ लागले. मोठ्या शहरांत हा बदल आधी झाला. वाशिमसारख्या गावांत तो पाणीपुरवठा योजना व काँक्रीटची घरे यांबरोबर सावकाश पसरला. शहाबादी फरशीच्या जागी चकचकीत फरशा आल्या, बंबाची जागा विजेच्या वा वायूच्या गिझरने घेतली आणि न्हाणीघर शयनगृहाला लागून बांधण्याची प्रथा रूढ झाली. या बदलाची खरी अट पाण्याने वाहून नेणारी स्वच्छता ही होती. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ च्या व त्यानंतर २०१३ च्या अधिनियमाने कायदेशीर बंदी घातली.

लोकजागृतीच्या बाबतीत वऱ्हाडाला संत गाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) वारसा आहे. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांनी घाट बांधविला आणि गावोगावी खराटा हाती घेऊन स्वच्छतेचा प्रसार केला. त्यांच्या नावाने राज्यशासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. वाशिम जिल्ह्यातील सायखेडा येथील एका स्त्रीने मंगळसूत्र व इतर दागिने विकून घरी शौचालय बांधले, ही घटना २०१५ मध्ये राज्यभर गाजली. मंगळसूत्र हे सौभाग्यचिन्ह. ते विकून आडोसा मिळवावा लागला, यावरून या गरजेची तीव्रता कळून येते.

नूतनीकरणाचे नियोजन : जुने न्हाणीघर नव्याने बांधताना सामान्यतः फरशीचा रंग प्रथम ठरविला जातो. वास्तविक पहिला विचार पाण्याचा व निचऱ्याचा व्हावा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघर किमान १·८ चौ. मी. व शौचकूपासह असल्यास किमान २·८ चौ. मी. असावे. ग्रामीण नळयोजनांसाठी दरडोई दररोज ५५ लि. पाणी हे प्रमाण धरतात. बादलीने स्नान करण्यास १५ ते २० लि. पाणी पुरते. मिनिटास १० लि. पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास १०० लि. पाणी जाते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासणाऱ्या या भागात फवारा बसवूनही बादली व तांब्या यांची जागा राखणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा विचार जमिनीचा. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्ट खडकावर काळी चिकण माती आहे. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. न्हाणीघरातील गळती पायाखाली मुरत राहिल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून गळक्या न्हाणीचा दोष केवळ ओलीपुरता न राहता साऱ्या घराला बाधतो. वाहिन्यांखाली मुरमाची भर घालणे, सांधे पक्के करणे व सांडपाणी जोत्यापासून दूर नेणे हे उपाय होत. शोषखड्डा काळ्या मातीतच संपविल्यास पाणी मुरत नाही, तो मुरमाच्या थरापर्यंत खणावा लागतो.

तिसरा विचार हवेचा. जुन्या परसातील बंबाचा धूर मोकळ्या आकाशात जाई. बंद न्हाणीघरात बसविलेल्या वायूच्या गिझरमुळे मात्र रंगहीन व गंधहीन कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवतात. असा गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवावा. विजेच्या गिझरला भूयोजन व गळती होताच प्रवाह तोडणारा खंडक आवश्यक असतो.

अंमलबजावणी : कामाचा क्रम चुकल्यास केलेले काम पुन्हा फोडावे लागते. प्रथम मोजमापे घेऊन नळ, वाहिन्या व वीजतारा यांचा आराखडा काढतात. नंतर जुनी फरशी व गिलावा काढून नव्या वाहिन्या टाकतात व त्यांतील पाण्याचा दाब तपासतात. त्यानंतर जमिनीवर व भिंतींच्या खालच्या भागावर जलरोधक थर देतात. मोरीचे तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या छताला वा शेजारच्या भिंतीला ओल येते का ते पाहतात. ही परीक्षा उतरल्यावरच फरशी बसवितात. जमिनीला मोरीकडे मीटरमागे सु. १ ते १·५ सेंमी. उतार देतात. जमिनीची फरशी खरखरीत असावी. वृद्धांसाठी आधाराचे दांडे लावावेत आणि दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडल्यास मदत पोहोचू शकते.

खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा जलरोधक थर व पाण्याची परीक्षा यांनाच फाटा दिला जातो आणि शिल्लक रक्कम दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च होते. परिणामी काही वर्षांतच फरशी उखडावी लागते. परसातील दगड व कूड यांच्या न्हाणीत सुखसोयी नव्हत्या, परंतु तिचे सांडपाणी कोठे जाते हे घरातील प्रत्येकास ठाऊक असे आणि त्या पाण्यावर केळ वाढे. आजच्या न्हाणीघरात पाणी आपोआप येते व जमिनीखाली दिसेनासे होते. घरातील स्त्रीच्या डोक्यावरचा गुंड उतरला, हा या स्थित्यंतराचा मोठा लाभ होय. तो टिकावा यासाठी पाण्याचा दिसेनासा झालेला मार्ग घरमालकाने काम सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरविणे, हाच नियोजनाचा गाभा आहे.